रंगावर खापर फोडण्याआधी

सीमाभागातल्या सर्जन मंडळींत, आणि त्यांच्यामुळे रुग्णांच्या घरांतही, एक मत पक्कं होत चाललंय. एन्झाइमच्या स्टेनवर विश्वास ठेवता येत नाही, असं ते मत. स्तनाच्या गाठीचा आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) रिपोर्ट इथे एक येतो, मुंबईत दुसराच येतो. मग इथे पैसा आणि दिवस घालवण्यापेक्षा गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, थेट पुण्या-मुंबईला धाडलेला बरा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, कुठल्याही गावच्या रुग्णाला हा सल्ला आता सहज मिळतो. मी याच भागात पॅथॉलॉजी करते आणि या मताशी मला उघडपणे भांडायचं आहे. रिपोर्ट बदलतात हे खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते का बदलतात याचं जे कारण दिलं जातं ते साफ चुकीचं आहे, आणि निदानच चुकल्यामुळे सुचवलेला उपायही रुग्णाच्या कामाचा नाही.

आधी हे रंग कसे उमटतात ते पाहू. ऊतीच्या स्टेनमध्ये एन्झाइम दोन तऱ्हांनी येतं. एका तऱ्हेत एन्झाइम ऊतीचंच असतं. पेशीत ते जिवंत आहे का, कुठे आहे, हे पाहायला त्याला त्याचं खाद्य द्यायचं आणि जिथे ते खाद्य फुटेल तिथे रंगीत साका बसेल अशी रसायनं सोबत घालायची. स्नायूंच्या आजारात एसडीएच आणि सीओएक्स, नवजात बाळाच्या आतड्याच्या तुकड्यात असिटाइलकोलिनेस्टरेज, ही या जातीची. दुसऱ्या तऱ्हेत एन्झाइम बाहेरचं असतं. आपल्याला हव्या त्या प्रथिनाला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिच्या पाठीवर पेरॉक्सिडेज बसवायचं आणि मग डीएबी नावाचं रसायन ओतायचं. जिथे अँटिबॉडी बसली तिथे तपकिरी रंग. हे पेरॉक्सिडेज मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश नावाच्या मुळातून मिळतं. नाकाने आणि पियर्स यांनी 1966 मध्ये एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी वापरून दाखवली, आणि आज ज्याला सगळे आयएचसी म्हणतात ते तिथून सुरू झालं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर, हर-टू हे जे तीन शब्द रुग्णाच्या नातेवाइकांनाही आता पाठ असतात, ते याच तपकिरी रंगावर ठरतात.

या पद्धतीवरचा अविश्वास काही बेळगावात जन्मला नाही. ती जन्मली तेव्हापासूनच तिच्यावर संशय घेतला गेला, आणि तो घेणारे तिचे जाणकारच होते. 1939 मध्ये गोमोरी आणि ताकामात्सु या दोघांनी स्वतंत्रपणे अल्कलाइन फॉस्फटेज ऊतीत दाखवण्याची रीत काढली. एन्झाइम फॉस्फेट मोकळं करतं, ते कॅल्शियमशी बांधलं जातं, कॅल्शियमच्या जागी कोबाल्ट आणायचा आणि शेवटी त्याचा काळा सल्फाइड करायचा. छेद पाहिले तर पेशींची केंद्रकं काळीभोर दिसत. कित्येकांनी त्यावरून केंद्रकात हे एन्झाइम असतं असं लिहूनही टाकलं. मग कुणी तरी साधी गोष्ट केली. उष्णता देऊन एन्झाइम मारून टाकलेला छेद जिवंत छेदाच्या शेजारी ठेवला. मेलेल्या छेदातली केंद्रकंही काळी झाली. म्हणजे साका एका जागी तयार होऊन दुसरीकडे वाहत होता आणि केंद्रकाला चिकटत होता. 1951 मध्ये नोविकॉफ यांनी ‘सायन्स’मध्ये पेशीच्या आतल्या पातळीवर फॉस्फटेजच्या या रीती कितपत ग्राह्य धरायच्या, हाच प्रश्न सरळ मांडला. त्यानंतर कुणी ती रीत फेकून दिली नाही. मेलेला छेद सोबत ठेवल्याशिवाय जिवंत छेदाचं वाचन मानायचं नाही, एवढा दंडक पडला. त्या मेलेल्या छेदाला आपण कंट्रोल म्हणतो. पुढचं माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती आहे.

आता निपाणी परिसरातल्या एखाद्या लहान नर्सिंग होममधला ऑपरेशनचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी अकराला स्तन काढला. गाठ चार सेंटिमीटरची. नमुना ट्रेमध्ये राहिला, कारण पुढची केस टेबलावर होती. दुपारी नातेवाइकांना दाखवला, मग प्लास्टिकच्या बरणीत घातला. बरणीचं तोंड अरुंद, त्यामुळे तो दाबून बसवला. वरून जेवढं मावलं तेवढं फॉर्मॅलिन. ते फॉर्मॅलिनही कॅनमधलं, नळाचं पाणी घालून अंदाजाने पातळ केलेलं, बफर नसलेलं. नमुना न कापता अख्खा. दुसऱ्या दिवशी शनिवार, कुरिअरवाला आला नाही. सोमवारी बरणी लॅबमध्ये पोहोचली.

फॉर्मॅलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं, तेही सुरुवातीला. पुढे वेग मंदावतो. चार सेंटिमीटरच्या अख्ख्या गाठीच्या मध्यापर्यंत, वरच्या चरबीतून वाट काढत, ते पोहोचेपर्यंत मधला भाग स्वतःच्याच रसांनी विरघळत असतो. बाहेरची कड मात्र तीन दिवस फॉर्मॅलिनमध्ये बुडून आवळली जाते. एकाच गाठीत एक भाग कुजलेला, एक भाग वाजवीपेक्षा घट्ट बांधलेला, आणि मधे एक पट्टा ठीक. मी ब्लॉकसाठी तुकडा कुठून कापते यावर त्या बाईचा ईआर पॉझिटिव्ह येतो की निगेटिव्ह हे ठरू शकतं. अमेरिकेतल्या ऑन्कॉलॉजी आणि पॅथॉलॉजीच्या संघटनांनी मिळून केलेले नियम म्हणूनच सांगतात, की नमुना तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावा, पाच-पाच मिलिमीटरवर कापून जावा, बफर केलेल्या दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये तो किमान 6 आणि जास्तीत जास्त 72 तास असावा. यातला एकही नियम स्टेन करणाऱ्या मशीनबद्दल नाही. सगळे ऑपरेशन थिएटर आणि बरणीबद्दल आहेत.

तोच ब्लॉक मुंबईला पाठवला तर काय होतं? मुंबईला तोच ब्लॉक जातो. बिघाड मेणात बसून त्याच्यासोबतच प्रवास करतो. तिथल्या लॅबकडे अँटिबॉडी चांगली असेल, मशीन महाग असेल, अँटिजेन पुन्हा उघडण्याची प्रक्रिया त्यांची जास्त सधलेली असेल, म्हणून काही रिपोर्ट सुधारतीलही. 1991 मध्ये शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छेद मायक्रोवेव्हमध्ये तापवून फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिनं पुन्हा उघडी करता येतात हे दाखवलं. त्या शोधाने जगभरचे अनेक ब्लॉक वाचले. आपल्या भागात हेच काम कित्येक ठिकाणी स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरमध्ये होतं आणि नीट केलं तर उत्तम होतं. पण तापवून आवळलेलं प्रथिन सुटतं, कुजून गेलेलं परत येत नाही. निपाणीत तंबाखू घेणारा व्यापारी नुसता पानाचा रंग बघून भाव करत नाही. पीक कधी कापलं, किती दिवस वाळवलं, पाऊस लागला का, हे विचारल्याशिवाय तो हात पुढे करत नाही. ईआरचा रंग वाचणाऱ्या आम्हा लोकांना मात्र रिक्विझिशनच्या कागदावर गाठ कधी काढली आणि फॉर्मॅलिनमध्ये कधी घातली हे दोन आकडे क्वचितच मिळतात.

मोठ्या शहरातली संस्था म्हणजे आपोआप अचूक, या समजुतीला मुंबईतलाच पुरावा पुरेसा आहे. टाटा मेमोरियलमधून 2000 साली 798 स्तनकॅन्सरच्या गाठींचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ईआर पॉझिटिव्ह गाठी साधारण एक तृतीयांश होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास. लगेच निष्कर्ष निघू लागले की भारतीय बाईचा कॅन्सरच वेगळा, हॉर्मोनच्या औषधाला न जुमानणारा. पुढच्या दशकात त्याच संस्थेतून आलेल्या मोठ्या संख्येच्या अभ्यासांत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. दहा वर्षांत एखाद्या देशातल्या स्त्रियांचं जीवशास्त्र असं बदलत नाही. भारतीय रुग्ण तुलनेने तरुण असतात, त्यामुळे फरकाचा काही भाग खरा आहे, हे मी मान्य करते. पण मोठा भाग फिक्सेशनचा, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये ऊती टिकवण्याचा, आणि स्टेनच्या तंत्राचा होता, आणि त्या संस्थेतल्या पॅथॉलॉजिस्टनी स्वतःच हे लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. देशभरातून ब्लॉक तिथे येत होते. कुठून, कशा बरणीतून, किती तासांनी, हे ठाऊक नसलेले ब्लॉक.

मशीन घेतलं की प्रश्न सुटतो, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा इतिहास सांगावासा वाटतो. सेंट जॉन्स इथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत 1997 ते 2005 या काळात झालेले ईआर-पीआर रिपोर्ट पुन्हा तपासावे लागले. 2005 मध्ये एका रुग्णाचा निगेटिव्ह रिपोर्ट नव्या यंत्रावर पॉझिटिव्ह आला आणि तिथून धागा उसवला. साडेतीनशेहून जास्त स्त्रियांचे निकाल चुकीचे निघाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाने 2009 मध्ये अहवाल दिला. तो वाचला की लक्षात येतं, खलनायक यंत्र नव्हतं. फिक्सेशनवर लक्ष नव्हतं, कंट्रोल नियमित पाहिले जात नव्हते, गुणवत्तेची जबाबदारी कुणा एकाची नव्हती, आणि लॅबमधल्या ज्यांना शंका आली त्यांचं म्हणणं वर पोहोचत नव्हतं. श्रीमंत देश, मोफत उपचार, मोठं रुग्णालय. तरीही. डेन्मार्कमधून चालणारी नॉर्डिक्यूसी ही संस्था 2003 पासून वेगवेगळ्या देशांतल्या लॅबना सारखेच छेद पाठवते आणि परत आलेले स्टेन तपासते. त्यांनी 2016 मध्ये मांडलेल्या हिशेबात स्तनकॅन्सरच्या स्टेनपैकी सुमारे 20 टक्के आणि इतर स्टेनपैकी सुमारे 30 टक्के निदानाला अपुरे ठरले होते. त्यातले बहुतेक रंग कमी उमटल्यामुळे किंवा उमटलाच नाही म्हणून नापास. हे बहुतांशी युरोपातले आकडे आहेत. तेव्हा आपल्याकडचं गाव लहान म्हणून रिपोर्ट चुकतो, हे म्हणणं टिकत नाही.

नॉर्डिक्यूसीच्या आकड्यांतली एक गोष्ट इथल्या सर्जननी नीट ऐकावी: चूक दोन्ही बाजूंना सारखी होत नाही. रंग न उमटण्याची चूक फार जास्त होते. म्हणजे ‘ईआर निगेटिव्ह’ हा शब्द ‘ईआर पॉझिटिव्ह’पेक्षा जास्त संशयाने वाचायला हवा. प्रत्यक्षात उलटं घडतं. निगेटिव्ह रिपोर्ट आला की फाइल बंद होते. ती बाई पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनला, म्हणजे हॉर्मोन रोखणाऱ्या औषधाला, मुकते. ज्या गाठी खरोखर ईआर पॉझिटिव्ह असतात त्यांच्यात पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने स्तनकॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात, आणि हे औषध अशा मोजक्या औषधांपैकी आहे जे बिड्या वळणाऱ्या घरालाही परवडतं. हर-टूमध्ये चूक दुसऱ्या बाजूने महाग पडते. खोटा पॉझिटिव्ह आला की ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधासाठी शेत गहाण पडतं आणि उपयोग शून्य.

स्लाइडवर हे कसं दिसतं ते एकदा जवळून सांगते, कारण सगळी भरवशाची गोष्ट तिथेच आहे. स्तनाच्या गाठीच्या छेदात बहुधा गाठीशेजारी चांगल्या, निरोगी नलिका असतात. त्या नलिकांच्या पेशींत काही ठिकाणी ईआर असतोच. काही केंद्रकं तपकिरी, काही निळी, अशी ठिपक्याठिपक्यांची नक्षी दिसते. हा निसर्गाने त्याच तुकड्यात ठेवलेला कंट्रोल. ईआरची स्लाइड हातात आली की मी आधी गाठ बघत नाही, या नलिका शोधते. त्या रंगल्या असतील आणि गाठ निळी असेल तर गाठ निगेटिव्ह, निर्धास्त लिहावं. त्याही निळ्याच असतील तर स्टेन फसला आहे किंवा ऊती बिघडली आहे, आणि गाठीबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही. अशा वेळी ‘निगेटिव्ह’ लिहिणं म्हणजे रुग्णाची दिशाभूल आहे. रिपोर्टमध्ये ‘उत्तर देता येत नाही, दुसरा ब्लॉक किंवा नवी बायोप्सी हवी’ असंच लिहावं लागतं. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आलेल्या कागदांत गाठ निगेटिव्ह असल्याचं एक वाक्य असतं आणि शेजारच्या नलिकांबद्दल अवाक्षर नसतं. असे कागद लहान गावांतून येतात तसेच मोठ्या शहरांतूनही येतात.

खोट्या पॉझिटिव्हची कहाणी आपल्या भागात वेगळी आहे, आणि ती तंबाखूशी बांधलेली आहे. डीएबीचा रंग तपकिरी. तंबाखू खाणाऱ्या, बिडी ओढणाऱ्या माणसाच्या तोंडाच्या आतल्या त्वचेत मेलॅनिन साठतं, तेही तपकिरी. गाठीत रक्तस्राव होऊन गेला असेल तर हिमोसिडेरिन उरतं, तेही तपकिरी. बफर नसलेल्या फॉर्मॅलिनमध्ये रक्ताळलेला तुकडा पडून राहिला की फॉर्मॅलिनचं रंगद्रव्य बसतं, ते काळपट तपकिरी. रक्तपेशी आणि इओसिनोफिल यांच्यात स्वतःचं पेरॉक्सिडेज असतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते आधी झोपवलं नाही तर तेही डीएबीला रंगवतं. यकृत आणि मूत्रपिंडात स्वतःचं बायोटिन असतं, ते जुन्या पद्धतीच्या किटमध्ये घोळ घालतं. तोंडाच्या कॅन्सरचा छेद हातात घेतला की मला यातले तीन-चार तपकिरी एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. अननुभवी डोळा त्यांची बेरीज करतो आणि पॉझिटिव्ह म्हणतो.

पण यातल्या प्रत्येक खोट्या रंगाला पकडायची युक्ती आहे आणि ती स्वस्त आहे. त्याच ब्लॉकचा आणखी एक छेद घ्यायचा, सगळी पावलं तीच, फक्त मुख्य अँटिबॉडी घालायची नाही. तरीही जे तपकिरी दिसेल ते आपल्या उत्तराचं नाही. मेलॅनिन जास्त असेल तर तपकिरीऐवजी तांबडा रंग देणारं रसायन वापरायचं, किंवा शेवटी हिमॅटॉक्सिलिनऐवजी अझ्युअर बी घालायचं. मेलॅनिन हिरवट निळं होतं, डीएबी तपकिरीच राहतं. या जादा छेदाला काचेची एक पट्टी आणि टेक्निशियनची थोडी मेहनत लागते. त्याला ‘आम्हाला परवडत नाही’ हे उत्तर मी मान्य करणार नाही. रुग्णाकडून तीन मार्करचे पैसे घेतले जातात, त्यात या पट्टीचे पैसे आलेच पाहिजेत.

आणखी एक गैरवापर इथे वाढतोय आणि त्याचं खापरही पुन्हा स्टेनवरच फुटणार आहे. पी16 हा स्टेन घशाच्या मागच्या भागातल्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही विषाणूची खूण म्हणून वापरतात. तिथे किमान 70 टक्के पेशींत केंद्रक आणि पेशीद्रव दोन्ही ठळक रंगले तरच पॉझिटिव्ह म्हणायचं, असा नियम आहे. आपल्या भागातला नेहमीचा कॅन्सर मात्र गालाच्या आतला आणि हिरडीच्या बाजूचा, गुटख्याची आणि तंबाखूची गोळी जिथे बसते नेमका तिथला. त्या जागी पी16 रंगला म्हणून एचपीव्ही आहे, असं म्हणता येत नाही. तरी तोंडाच्या कुठल्याही कॅन्सरला पी16 लावून ‘विषाणूमुळे झाला’ असं रुग्णाला सांगितल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. तंबाखूच्या गावात, तंबाखूच्या कॅन्सरला, तंबाखू सोडून दुसरं कारण देणारा कागद. याने मला संताप येतो. इथे स्टेनने चूक केलीच नाही. त्याला जे उत्तर देता येत नाही ते त्याच्याकडून वदवून घेतलं.

ज्या स्टेनमध्ये एन्झाइम ऊतीचंच असतं, त्याबाबत मात्र मी विरोधकांच्या बाजूने दोन पावलं चालायला तयार आहे. दर पाच हजार बाळांमागे साधारण एकाला हर्शस्प्रुंग आजार असतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या गाठपेशी नसतात, बाळाला शी होत नाही, पोट फुगतं. गुदाशयाच्या तुकड्यात असिटाइलकोलिनेस्टरेजचा स्टेन केला की आजार असलेल्या आतड्यात तपकिरी तंतूंचं दाट जाळं दिसतं. सुंदर पद्धत आहे. पण तुकडा ताजा हवा, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉजवर, बर्फावर, आणि लगेच गोठवायला हवा. चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला की भरवसा संपला. पहिल्या काही आठवड्यांत तंतू पुरेसे जाड झालेले नसतात, त्यामुळे तेव्हाही फसगत होते. निपाणीहून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर, कोल्हापूर 40. मे महिन्याच्या उन्हात महामार्गावरून ताजा तुकडा नेऊन हा स्टेन करायचा आग्रह धरणं मला पटत नाही. गेल्या वीसेक वर्षांत कॅलरेटिनिनचा आयएचसी पुढे आलाय. तो फॉर्मॅलिनमधल्या साध्या ब्लॉकवर चालतो, आणि आजारी आतड्यात त्याचा रंग गायब होतो. आपल्या रस्त्यांना तो मानवतो. पण बघा, तोही एन्झाइमवरच चालणारा स्टेन आहे. शिवाय तिथे रंगाचा अभाव हेच निदान असल्यामुळे कंट्रोल रंगला की नाही हे पाहणं दुप्पट गरजेचं ठरतं.

रंग किती गडद, यावरून प्रमाण ठरवू पाहणाऱ्यांशीही माझं जमत नाही. एकेक पेरॉक्सिडेज असंख्य डीएबी रेणू रंगवत राहतं, त्यामुळे गडदपणा प्रथिनाच्या साठ्याइतकाच डीएबी किती मिनिटं ठेवलं यावरही ठरतो. डीएबीचा साका प्रकाश शोषतो तसा विखुरतोही, म्हणून त्याचा गडदपणा मोजून सरळ गुणोत्तर काढता येत नाही. हर-टूला म्हणूनच शून्य ते तीन अशा ढोबळ पायऱ्या आहेत आणि मधल्या ‘2+’ला जनुकाची फिश चाचणी लागते. आता जनुकाच्याच चाचण्या करा, स्टेन सोडा, असं म्हणणारे विसरतात की फिशही त्याच ब्लॉकवर होते. बरणीने बिघडवलेला ब्लॉक तिथेही तसाच निकामी ठरतो.

विरोधकांचा एक मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. महिन्याला चार-पाच हर-टू करणाऱ्या लॅबचा हात कसा बसणार, अँटिबॉडीची बाटली मुदत संपेपर्यंत पुरवून वापरली जाणार, हे ते म्हणतात ते बरोबर आहे. अशा लॅबनी हर-टू करूच नये. पण म्हणून थेट मुंबई कशाला? बेळगावात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, दंतवैद्यकाची महाविद्यालयं आहेत, मौखिक पॅथॉलॉजी शिकलेली माणसं आहेत. कोल्हापूर आणि मिरज दोन-अडीच तासांच्या आत आहेत. जिल्ह्याच्या एका-दोन ठिकाणी काम एकवटलं, त्या ठिकाणांनी टाटाच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या गुणवत्ता-तपासणीत किंवा तशाच एखाद्या बाहेरच्या परीक्षेत नियमित भाग घेतला आणि निकाल भिंतीवर लावला, तर अंतर आणि संख्या दोन्ही जमतात. बरणी बघून सर्जनला संध्याकाळी फोन करता येईल इतक्या जवळ लॅब असण्याचा जो फायदा आहे, तो मुंबईला कधीच मिळणार नाही.

सीमेमुळे आपल्याकडे एक जादा अडचण आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, कर्नाटकची स्वतःची योजना आहेच. योजना बदलली की रुग्णालय बदलतं. ऑपरेशन एका राज्यात, केमोथेरपी दुसऱ्या राज्यात, आणि ब्लॉक तिसऱ्याच कपाटात. दुसऱ्या लॅबला मग पहिल्याचा कागद मिळतो, ब्लॉक मिळत नाही. किंवा ब्लॉक मिळतो, पण ऊती किती तास फॉर्मॅलिनमध्ये होती हे विचारायला माणूस उरत नाही. सीमाप्रश्नावर राजकारण खूप झालंय. मला त्यातली एकच गोष्ट मागायची आहे. दोन्ही राज्यांच्या योजनांच्या अर्जावर नमुना काढल्याची वेळ, फॉर्मॅलिनमध्ये घातल्याची वेळ आणि फॉर्मॅलिन बफर केलेलं होतं का, हे तीन रकाने नसतील तर आयएचसीचे पैसे मंजूर होऊ नयेत. हा नियम झाला तर थिएटरमधली बरणी आठवड्याभरात बदलेल.

आणि जुन्या ब्लॉकचं काय, हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारते. मेणातला ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. या भागातल्या प्रत्येक लॅबने गेल्या काही वर्षांतले ईआर निगेटिव्ह रिपोर्ट बाहेर काढावेत, त्यातल्या ज्या स्लाइडवर निरोगी नलिकाही कोऱ्या आहेत त्या वेगळ्या कराव्यात, आणि त्या बायकांना बोलावून शक्य असेल तिथे दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा तपासणी करावी. टॅमॉक्सिफेन उशिरा, अगदी दोन वर्षांहून जास्त उशिरा सुरू केलं तरी फायदा होतो, हे फ्रान्समधल्या चाचणीत दिसलेलं आहे. न्यूफाउंडलंडमध्ये हे आयोगाच्या दबावाखाली झालं आणि काही स्त्रियांसाठी फार उशीर झाला होता. आपल्याकडे आयोगाची वाट पाहायचं कारण नाही. कपाटाची किल्ली लॅबमध्येच असते, आणि स्लाइड पाहायला प्रत्येकी पाच मिनिटंही लागत नाहीत.